विहीणबाईंची हनुवटी

वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटात लीलाबाईच्या हनुवटीवर केस आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायची छाती एकालाही नव्हती. तिचा संत्र्याचा बगिचा गावात नाव घेण्यासारखा. व्यापारी माल पाहायला आला की जानराव, म्हणजे तिचे मालक, चहा सांगायला उठायचे आणि बोलणी लीलाबाई करायची. समोरचा इतका घाम पुसत बसायचा की हनुवटीकडे पाहायला त्याला सवड कुठली.

केस तसे फार नव्हते. उजव्या अंगाला काही जाड, काळे, कुंपणाच्या तारेसारखे ताठ, आणि त्यांच्यात दोन-चार पांढरे पाहुणे. पाळी गेली आणि हे आले. लीलाबाईनं त्याचा बाऊ केला नाही. न्हाणीचं दार लावायचं, चिमटीला राख लावायची म्हणजे बोट घसरत नाही, आणि एकेक केस मुळासकट ओढायचा. प्रत्येक केसाला तोंडातून "राम" निघायचा. बाहेर जानरावांना वाटे, बाई अंघोळीच्या आधी नामस्मरण करते.

पुढे धाकट्या लेकीचं, आकांक्षाचं लग्न अमरावतीच्या पियुषशी ठरलं आणि साक्षगंधाला सगळी मंडळी अमरावतीला गेली. पोरीला कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, आणि पियुषची आई पार्बताबाई लीलाबाईच्या भेटीला आली. आपल्याकडे विहीण विहिणीला भेटते ती काही कोरडा नमस्कार करून नाही. गळ्यात गळा, तोंडात साखर आणि मग हनुवटी धरून दोन गोड शब्द. पार्बताबाईनं हनुवटी धरली. तिचा आंगठा बरोबर त्या काळ्या तारांवर टेकला. आणि तसाच टेकवून ती म्हणाली, "ईनबाई, तुमच्या घरचा कर्ता माणूस तुमीच दिसता."

भोवतालच्या बाया हसल्या.

लीलाबाई कोणाचं ठेवून घेणारी नव्हे. तिनंही हात वर केला, पार्बताबाईची हनुवटी धरायला. तर पार्बताबाईनं तोंड फिरवलं, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "चला, ओटी भराची हाय." हात हवेत राहिला. इतक्या बायांसमोर.

परतीच्या गाडीत मोर्शी येईपर्यंत लीलाबाई एक शब्द बोलली नाही. जानरावांना वाटलं गाडी लागली. त्यांनी बिचाऱ्यांनी खिशातून लवंग काढून पुढे केली.

"मले कर्ता माणूस म्हणाली ते," लीलाबाई म्हणाली.

"मग खरंच तर हाय."

जानरावांनी ती लवंग मग स्वतःच्याच तोंडात टाकली.

लग्न तुळशीचं लग्न लागल्यानंतरचं धरलं होतं. मधे उन्हाळा होता, पावसाळा होता. त्या दिवशी भर मांडवात विहीणभेट होणार, तीच साखर, तीच हनुवटी, आणि दोन्हीकडचे लोक पाहायला. लीलाबाईनं मनाशी ठरवलं की त्या दिवशी हनुवटी अशी पाहिजे की पार्बताबाईचा आंगठा घसरून पडला पाहिजे. राखेवर भरवसा नव्हता. राखेनं काढलेला केस आठवड्यात परत डोकं काढतो, आणि लग्नाच्या धामधुमीत न्हाणीत बसून कोण राम म्हणणार?

आकांक्षा अकोल्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला होती, जठारपेठेत खोली घेऊन राहायची. आईनं फोनवर आडून आडून विचारलं, तशी ती म्हणाली, "आई, लेझर करून घे ना."

"ते मोतीबिंदूले करतात."

"केसांसाठीपण करतात. उजेडानं केसाचं मूळ जाळतात."

लीलाबाईला उजेड आठवला तो गणपतीत डीजेच्या गाडीवरून गरगर फिरतो तो हिरवा. तो तर दरवर्षी तिच्या ओसरीवर पडत होता. त्यानं केस जात असते तर अख्खं गाव टकलं झालं असतं. पण पोरगी शिकलेली, आणि आईसारखीच हट्टी. तिनं जठारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. लीलाबाईलाही अकोलाच बरं वाटलं. अमरावतीच्या कोणत्याही दवाखान्यात जा, बाकावर वरूड तालुक्यातलं एक तरी माणूस बसलेलं असतं आणि ते नेमकं आपल्या नात्यातलं निघतं. शिवाय विहीण अमरावतीचीच. अकोल्यात ओळखीची एक पोटची पोर, बस.

"लग्नाचा बस्ता पाहून येतो," असं जानरावांना सांगून ती निघाली.

दवाखान्यातून आकांक्षाच्या फोनवर निरोप आला होता, आदल्या दिवशी जागा साफ करून या. आकांक्षानं तो वाचून दाखवला आणि पुढे काहीतरी रेझर-बिझर म्हणाली. पण "साफ" या शब्दानंतर लीलाबाईनं ऐकलंच नाही. साफ करणं तिला शिकवायचं? वरच्यावर खुरपं फिरवून निंदण झालं म्हणणाऱ्या बाईला ती दुसऱ्या दिवशी बगिच्यात पाय ठेवू देत नसे. तण काढायचं तर मुळासकट. तिनं पोरीच्या मोरीत दार लावलं, गावाहून पदराच्या गाठीत आणलेली राख काढली आणि काळा म्हणू नका, पांढरा म्हणू नका, एकूण एक केस ओढून काढला. हनुवटी सोललेल्या अंड्यासारखी झाली. डॉक्टरसमोर घाण घेऊन जाणं तिच्या रक्तात नव्हतं.

डॉक्टर प्रणाली वयानं आकांक्षाहून थोड्या मोठ्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"काकू, केस कुठे आहेत?"

"साफ करून आली ना."

"कशानं?"

"राखेनं. मुळासकट. एक सोडला नाई." लीलाबाई ऐटीत म्हणाली.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. आकांक्षानं कपाळावर हात मारला.

"अहो, मूळच काढून टाकलंत तर लेझरनं जाळायचं काय?" प्रणाली मॅडम म्हणाल्या. "लेझर म्हणजे उजेड. तो काळा रंग शोधतो. केसातला काळा रंग तो उजेड पितो आणि तापतो. ती उष्णता केसाच्या दांडीनं खाली उतरते आणि मूळ भाजतं. म्हणून वरचा केस फक्त कापायचा, आतली दांडी जागेवर ठेवायची. तुम्ही तर रस्ताच उखडून आलात."

लीलाबाईनं जरा विचार केला. "म्हंजे वैशाखात काळ्या वावरात पाय भाजते, अन् पांढऱ्या मातीत तेवढा भाजत नाई, तसं."

"अगदी तसंच."

"मंग पांढऱ्या केसाचं काय?"

"पांढरा केस लेझरला दिसत नाही. तो आहे तिथेच राहणार."

"इथंबी रंग पाहूनच," लीलाबाई म्हणाली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. महिनाभर उपटायचं नाही, दोरा नाही, मेण नाही, फक्त रेझर. ऊन नाही, कारण रापलेल्या कातडीतही रंग असतो आणि उजेड त्यालाही चावतो. आणि हे एका खेपेत आटपणार नाही. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, काही वाढत असतात, काही आत झोपलेले असतात. मार बसतो तो वाढणाऱ्याला. म्हणून महिना-सव्वा महिन्यानं परत यायचं, झोपलेले जागे झाले की त्यांना गाठायचं. इतकं करूनही मॅडमनी शपथ घेतली नाही. केस खूप कमी होतील, उरतील ते बारीक होतील, पुढे कधीमधी एखादी खेप लागेल, इतकंच म्हणाल्या.

हे मात्र लीलाबाईला न समजावता समजलं. "बहारासारखं हाय. काही झाडं हिवाळ्यात आंबिया बहार धरतात, काही पावसातल्या मिरगाची वाट पाहून राहतात. एका दिवसात बगिचा फुलत नाई."

आकांक्षा बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मी रेझर म्हटलं होतं."

"बाईच्या तोंडाले वस्तरा लावतात काय, पोट्टे?"

"मग आता काय लावशील?"

लीलाबाईनं त्यावर रिक्षा थांबवली.

तो महिना तिला फार जड गेला. हात आपोआप हनुवटीकडे जाई आणि खुंट बोटाला लागले की चिमटी शिवशिवे. पण राखेला हात लावला नाही. वर ऊन टाळायचा हुकूम. आकांक्षानं मलम दिलं होतं, ते थापून, पोरीचा फुलाफुलांचा स्टोल तोंडाला गुंडाळून ती बगिच्यात फिरू लागली. गड्यांना आधी वाटलं कोणी सरकारी बाई पाहणीला आली. सगळे भराभर कामाला लागले.

"तोंड काहून बांधलं?" जानरावांनी विचारलं.

"धूळ उडते."

"झाडाखाली कोठची धूळ?"

"तुमी बोलता तवा उडते."

दुसऱ्या खेपेला आकांक्षानं स्वतः आईला आरशासमोर बसवलं आणि हलक्या हातानं रेझर फिरवला. लीलाबाईनं डोळे मिटले होते. सासू वरून पाहत असेल, असं तिला वाटत होतं. पण सासूलाही हनुवटीवर होते, हे आठवल्यावर तिनं एक डोळा उघडला.

दवाखान्यात तिला पलंगावर निजवलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि हनुवटीला थंडगार जेल फासलं. मॅडम म्हणाल्या, "रबर ताणून सोडल्यासारखं लागेल." लागलं ते रबरासारखं नाही. फोडणीतली मोहरी उडून बरोबर हनुवटीवर बसावी, तसं लागलं. एक मोहरी, मग दुसरी, मग तिसरी. मक्याचं कणीस भाजताना आधी त्याचे केस जळतात, तसा वास सुटला. लीलाबाईनं आयुष्यात इतक्या फोडण्या घातल्या होत्या की तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते आणखी वेगळंच. मोहरी संपली आणि मॅडम म्हणाल्या, "झालं." चहा उकळायलाही याहून वेळ लागतो. गावाहून इतकं अंतर तोडून आलं ते एवढ्यासाठी? तिला जरा फसवल्यासारखंच झालं.

हनुवटी संध्याकाळपर्यंत लाल राहिली. चोळू नका, बेसन-हळद लावू नका, असं सांगितलं होतं. चार दिवसांनी केस वर येताना दिसले तेव्हा तिनं पोरीला फोन करून मॅडमचा उद्धार केला. "जळले म्हणे. हे तर उगवून राहिले."

"आई, ते उगवत नाहीत. मेलेले बाहेर येत आहेत. थांब थोडी."

आणि खरंच, आठवड्याभरात तोंड पुसताना ते टॉवेलवर येऊ लागले, भाजलेल्या काड्यांसारखे. काळे विरळ झाले. पांढरे तेवढे जागेवर, उलट आता काळ्यांची गर्दी हटल्यानं जरा जास्तच उठून दिसायला लागले.

अशा खेपा होत गेल्या. जानराव म्हणत, "इतका कोणता बस्ता हाय वो?" आणि पोळा होऊन गेल्यावरच्या एका खेपेला ती गोष्ट घडली.

आकांक्षा आईला दवाखान्यात सोडून कामावर गेली होती. लीलाबाई नेहमीसारखी स्टोल गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून बाकावर बसली. इथं तिनं नाव लिहून दिलं होतं दुर्गाबाई, गाव मूर्तिजापूर. थोड्या वेळानं दुसरी एक बाई आली. तिनं तर लीलाबाईवर कडी केली होती. तोंडाला जाड ओढणी, वर काळा चष्मा. उकाड्यात असं बांधून फिरणाऱ्या बाया अकोल्यात पैशाला पासरी, पण ही आत बसूनही चष्मा काढेना. हातातली पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरलेली.

"पयलीच खेप काय?" लीलाबाईनं विचारलं. आता ती जुनी जाणकार होती.

"हो वो बाई." ओढणीतून आवाज दबून आला. "लय भेव वाटून राहिलं. भाजते काय?"

"मोहरी उडते तेवढं. साफ करून आल्या ना?"

"रेझरनं. पोरानं आणून देल्लं. म्हणे आई, उपटजो नको."

"पोरगं हुशार हाय."

"हाय तर. कोठच्या तुमी?"

"मूर्तिजापूरची."

"अस्सं. मंग शकुंतला रेल्वे चालू झाली काय तुमच्याकडची?"

लीलाबाईनं मूर्तिजापूर पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून. "चालू असन. मी जात नाई तिकडं."

"स्टेशनावर?"

"गावातच जात नाई. तुमी कोठच्या?"

ओढणी थोडी घुटमळली. "बडनेऱ्याची."

दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही मनातल्या मनात म्हटलं, खोटारडी. पण खोट्याला खोटं भेटलं की जीव मोकळा होतो. बाई पिशवी बाजूला ठेवून सरसावून बसली.

"पोराचं लगन हाय," ती म्हणाली. "नाई तर या वयात कोण असले धंदे करते? पण ईन लय तालेवार भेटली."

"कोठची?"

"वरूडकडची. बगिचावाली."

लीलाबाईनं स्टोलच्या आत तोंड मिटलं. वरूड तालुक्यात बगिचे पुष्कळ, तिनं स्वतःला सांगितलं.

"साक्षगंधाले मी तिची हनुवटी धरली," बाई पुढे म्हणाली, "अन् मोठ्या कौतुकानं म्हटलं, तुमच्या घरचा कर्ता माणूस तुमीच दिसता. खरंच कौतुकानं वो. आमच्या घरी दुकानाची किल्ली मायावर सोडत नाईत. यायले काई विचारलं का म्हणतात, तुले काय समजते? अन् ते बाई एकटी बगिचा चालवते, व्यापाऱ्यायले घाम फोडते. मले तिचा हेवा वाटला. तर तिनं मायाकडं असं पायलं, जसं म्या तिचीच संत्री चोरून तिलेच इकली."

लीलाबाईच्या डोळ्यांपुढून मोर्शीपर्यंतचा सगळा रस्ता परत धावून गेला.

"मंग?" तिनं कसंबसं विचारलं.

"मंग काय. तिनं माई हनुवटी धराले हात उचलला अन् मले माई हनुवटी आठवली. आदल्या दिवशी घाईत कापले होते, खुंट वर आले होते. तिचा हात लागला असता तर ते म्हणाली असती, हे काय, ईनबाईले दाढी. मी सरकली मागं. आता ते मले गर्विष्ठ समजत असन."

लीलाबाईच्या पोटात हसू उकळलं. स्टोलनं ते धरून ठेवलं, नाही तर बाकावरून खाली पडलं असतं. आणि हसू ओसरल्यावर तिला समजलं की आपल्या हातात काय आलं आहे. पार्बताबाईला दाढी. आपण उठावं, आत जावं, मोहरी खावी, घरी जावं. आपण इथं येतो हे कोणाला माहीत नाही आणि तिचं आपल्याला माहीत. जन्मभर पुरेल एवढं. सासरी पोरीला कोणी वाकडं बोललं, की इथून एक फोन, "ईनबाई, बडनेऱ्याले काय म्हणतात?" अशी वस्तू बाजारात मिळत नाही.

"आता लग्नातल्या भेटीले काय करसान?" तिनं विचारलं. आवाज मुद्दाम कोरडा ठेवला.

"हे लेझर लागलं तं ठीक. नाई लागलं तं मी लांबूनच हात जोडीन." बाईनं चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला. "तिची पोट्टी लय गुणाची हाय वो. मले आतापासूनच फोन करते, जेवल्या काय म्हणून. तिले वाटन, सासूनं मायीचा मान ठेवला नाई. ते पोट्टी भर मांडवात कशी उभी राहीन? तेवढंच मनाले लागून राहिलं."

तेवढ्यात आतून पुकारा झाला, "दुर्गाबाई, मूर्तिजापूर."

लीलाबाई उठली. दारापर्यंत गेली. आत मॅडम उभ्या होत्या, चष्मा तयार होता. आत गेलं की संपलं. तिला आकांक्षा दिसली, मांडवात, हार हातात घेऊन, एकदा आईकडे आणि एकदा सासूकडे पाहणारी. जन्मभर पुरणारी ती वस्तू लीलाबाईला एकाएकी भारी वाटायला लागली. पोरीच्या संसारात असली वस्तू कोणत्या फळीवर ठेवायची?

ती परत फिरली, बाईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लांबून हात जोडाले मी काय देवळातली देवी हाय?"

एवढं बोलून तिनं झटक्यात स्टोल ओढला. तो निघाला नाही. आकांक्षानं मागच्या बाजूनं पीन लावली होती. लीलाबाई ओढते आहे, स्टोल डोळ्यांवर चढतो आहे, आणि समोरची बाई घाबरून म्हणते आहे, "थांबा वो बाई, फाटन ना. मी काढून देतो." तिनंच मागे जाऊन पीन काढली. स्टोल सुटला. लीलाबाई वळली.

पार्बताबाई पीन हातात धरून तशीच राहिली.

"ईनबाई?"

"कर्ता माणूस," लीलाबाई म्हणाली. "मूर्तिजापूरचा."

पार्बताबाईची नजर हळूच खाली सरकली, हनुवटीवर. पाहायचं नाही असं तिनं ठरवलं असेलही, पण ते कोणाच्या हातात असतं?

"तुमाले होते?" ती म्हणाली.

"होते म्हंजे? तुमी आंगठा ठेवला होता त्यावर."

"मले काय समजते. माया हातात घट्टेच घट्टे, अन् चित्त सगळं मायाच हनुवटीवर होतं."

लीलाबाईनं पुढे होऊन तिची ओढणी सोडली, चष्मा काढला आणि उजेडाकडे वळवून निवांत पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी खरं समाधान आलं. "तुमची तं मायाहून जोरात हाय."

"काळीच हाय सगळी," पार्बताबाई कळवळून म्हणाली.

"नशीबवान हा. काळी जळते. माये पांढरे उरले, त्यायले लेझर विचारतबी नाई."

आतून पुन्हा पुकारा झाला. आता मात्र पंचाईत झाली. लीलाबाई म्हणाली, तुमी पोराकडच्या, मान तुमचा, तुमी आधी. पार्बताबाई म्हणाली, तुमचा नंबर आधीचा, अन् मले भेव वाटते. तुमी, नाही तुमी, असं बराच वेळ चाललं. शेवटी प्रणाली मॅडम स्वतःच बाहेर आल्या आणि दोघींनाही आत घेऊन गेल्या. आधी पार्बताबाईला जरासं लेझर मारून पाहिलं, कातडीला सोसतं का ते. पलंगावर निजून तिनं लीलाबाईचा हात असा धरला की बांगडी वाढवली.

"मोहरी हाय, मोहरी," लीलाबाई सांगत होती. "हालू नका."

संध्याकाळी आकांक्षाला बोलावून घेतलं. ती आली, खोलीत दोघी लाल हनुवट्या घेऊन चहा पिताना पाहिल्या आणि दारातूनच परत फिरायला लागली.

"इकडं ये," लीलाबाई म्हणाली. "पियुषले कोणं सांगितलं?"

"मी फक्त डॉक्टरांचं नाव सांगितलं, आई. तुझं नाही. त्यानं आईसाठी विचारलं होतं."

"अन् त्यानं मले सांगितलं, अमरावतीत नको, ओळखीचे भेटतात," पार्बताबाई म्हणाली. "अकोल्यात कोणी भेटणार नाई."

दोघींनी तोंडातला चहा घाईघाईनं गिळला, आणि मग तिघी हसत सुटल्या.

नंतरच्या खेपा दोघींनी मिळून धरल्या. बस्ता पाहायला अमरावतीची विहीणही येते म्हटल्यावर जानरावांनी विचारणंच सोडून दिलं. पार्बताबाईची काळी दाढी खेपेगणिक उतरत गेली. लीलाबाईचे पांढरे मात्र होते तसे. मॅडमनी सांगून टाकलं, पांढरे खुशाल उपटा, त्यानं आता काही बिघडत नाही.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात विहीणभेटीची वेळ झाली. ताट तयार, साखर तयार, आणि दोन्ही विहिणी गायब. शोधाशोध झाली तेव्हा कळलं की दोघी वधूपक्षाच्या खोलीत आहेत आणि दाराला आतून कडी आहे. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. साडीवरून बिनसलं असेल. नाही, जेवणावरून. पार्बताबाईचे मालक केशवराव आणि जानराव दाराबाहेर येऊन उभे राहिले. एकमेकांना धीर द्यावा, तर दोघांनाही आपापली बायको माहीत.

"आवाज येऊन राहिला काय?" केशवरावांनी विचारलं.

जानरावांनी दाराला कान लावला. आतून लीलाबाईचा आवाज आला, "राम." थोड्या वेळानं परत, "राम."

"नामस्मरण करून राहिली," जानराव म्हणाले. "म्हंजे प्रकरण लय वाढलं हाय."

आत लीलाबाई दिव्याखाली मान वर करून बसली होती आणि पार्बताबाई चिमटीला राख लावून पांढरे वेचत होती. हात मोठा सफाईदार. "हालू नका ईनबाई, एक चुकार हाय, सापडून नाई राहिला," ती म्हणत होती. राखेनं काढलेला शेवटचा केस नेहमी फार लागतो. तो निघाला तेव्हा लीलाबाईच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. ते पाहून पार्बताबाईला हसू आलं, आणि हसता हसता तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

कडी निघाली. दोघी हातात हात घालून बाहेर आल्या. डोळे लाल, गाल ओले. मांडवातल्या बाया पुढे सरकल्या. दोघींनी गळ्यात गळा घातला, साखर भरवली, आणि मग हनुवटी धरली. लोकांना वाटलं त्याहून जरा जास्त वेळ धरून ठेवली. दोन्ही आंगठे इकडून तिकडे फिरले, आणि दोघींनीही मान डोलावली.

"पोरीसाठी जीव तुटते मायचा," कोणीतरी म्हातारी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिला पाहून शेजारची रडली, मग तिच्या शेजारची. पाहता पाहता दोन्हीकडच्या बाया हुंदके द्यायला लागल्या. जानराव कधी न रडणारे, त्यांनीही रुमाल काढला. आकांक्षा हार सांभाळत आईकडे पाहत होती आणि ओठ चावून हसू दाबत होती.

लीलाबाईनं सगळ्यांना रडू दिलं. कार्य चांगलं झालं म्हणून लोक पुढे वर्षभर सांगतात ते अशाच रडण्यावरून, हे तिला ठाऊक होतं.